धंद्यातून मुलांसाठी काही द्यायचंय, पण नक्की कुणाला देऊ?

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचा घरगुती मसाले आणि भाजणीचा धंदा आहे, सगळा खर्च जाऊन महिन्याला पंधरा-सोळा हजार सुटतात. त्या लिहितात, "दहावीपर्यंत मी लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या वसतिगृहात शिकले, ते आता बंद पडलंय, म्हणून वाटतं की आपण दुसऱ्या मुलांसाठी काही करावं. पण दीर म्हणतात अनाथाश्रमात जेवण घाल. मोबाईलवर आजारी बाळांचे व्हिडिओ येतात, ते बघून पाचशे-पाचशे पाठवले, मग झोप लागेना की पैसे गेले कुठे. एका मोठ्या संस्थेकडून म्हणून एक मुलगी सारखी फोन करते. नणंद म्हणते पाकिटावरच छाप, खप वाढेल. आणि मिस्टर म्हणतात आधी मुद्रा लोन फेड. ताई, चांगलं काम करायला निघाले आणि डोक्याला ताप झाला. कुणाचं ऐकू?"

ताई, पहिल्यांदा मिस्टरांचं ऐका, पण अर्धंच. लोनचा हप्ता आधी, घर आणि कच्च्या मालाचे पैसे आधी, हे त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. पण लोन पूर्ण फिटेपर्यंत काहीच द्यायचं नाही हे मला पटत नाही, कारण हे लोन फिटलं की धंदा वाढवायला दुसरं घेणार, धंद्यात असंच असतं. त्यापेक्षा महिन्याला पाचशे ठरवा, फार तर हजार. विक्रीच्या टक्क्यात ठरवू नका, मिरची-धणे महागले की विक्री तेवढीच दिसते आणि हातात काही उरत नाही. ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची आणि पासबुक मिस्टरांसमोर ठेवायचं, माणसाला आकडा दिसला की त्याची भीती कमी होते.

पाचशेने काय होणार असं मनात येत असेल ना? तुमच्याच तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड होता, घरोघरच्या बायका रोजच्या धान्यातली एकेक मूठ बाजूला काढून ठेवायच्या आणि त्यावर मुलं जेवली, शिकली. ती मूठ नेमाने येत होती म्हणून ते जमलं. संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, एकदाच आलेल्या दहा हजारांपेक्षा दर महिन्याला न चुकता येणारे पाचशे त्यांना जास्त कामाचे वाटतात, कारण त्या भरवशावर पुढचं काही ठरवता येतं. म्हणून एकच संस्था धरा, चार ठिकाणी शंभर-शंभर वाटू नका.

आता दिरांच्या जेवणाबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण वाढदिवस, दिवाळी, पितृपक्ष या दिवसांत बऱ्याच बालगृहांत गोडाधोडाचं जेवण घालणाऱ्यांची रांग असते आणि जूनमध्ये वह्या-दप्तरांना, लाईट बिलाला, रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या मावशींच्या पगाराला कुणी पैसे देत नाही. पगाराला दिलेले पैसे वाया गेले असं लोकांना का वाटतं मला कळत नाही, तापाने फणफणलेल्या पोराजवळ रात्रभर कोण बसतं मग? त्यामुळे "आमचा एकही रुपया ऑफिस खर्चावर जात नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मला उलट शंका येते.

आणि बालगृह निवडायचंच असेल तर एवढं बघाच. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे नोंदणी नसलेलं बालगृह चालवणं हा गुन्हा आहे, नोंदणीचा कागद मागा, चांगली माणसं तो हसत दाखवतात. मुलं बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या आदेशाने आलीत का, किती मुलांना आई किंवा वडील आहेत, हेही विचारा. अनाथाश्रम म्हणतो आपण, पण तिथल्या कितीतरी मुलांची आई जिवंत असते, फक्त तिला पोसणं जमत नाही. अशा घरांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिना २२५० रुपये मिळतात, मूल घरीच राहतं. त्या योजनेची कागदपत्रं करून देणारी, मुलाला घरीच कसं ठेवता येईल ते बघणारी संस्था असेल तर माझं झुकतं माप तिला. अजून एक, केक कापताना मुलांना ओळीत उभं करून देणगीदारासोबत फोटो काढतात आणि फेसबुकवर टाकतात ना, तिथे देऊ नका. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि कायदा नसता तरी तुम्ही स्वतः वसतिगृहात राहिलेल्या, त्या ओळीत उभं राहणं काय असतं ते मी तुम्हाला काय सांगणार.

व्हिडिओंचं म्हणाल तर पाचशे पाठवलेत त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण यापुढे आधी हॉस्पिटलचं खर्चाचं लेटर बघा, हॉस्पिटलला फोन करून ते मूल तिथे खरंच ॲडमिट आहे का विचारा आणि जमेल तिथे पैसे थेट हॉस्पिटलच्याच खात्यात भरा. ओळखीतलं कुणी असेल तर पैशांच्या आधी माहिती द्या. सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठायचं. अंगणवाडी-शाळेतल्या तपासणीत हृदयाचा दोष सापडला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशन मोफत होतं. हे माहीत नसल्यामुळे लोक शेत विकतात हो.

फोनवाल्या मुलीशी चांगलं बोला, ती तिची नोकरी करतेय, पण फोनवर यूपीआय किंवा ऑटोपेला हो म्हणू नका. ती संस्था खरंच आवडली तर त्यांच्या वेबसाईटवर स्वतः जाऊन द्या. मोठ्या संस्था वाईट असतात असं मुळीच नाही. 'प्रथम' ही मुलांच्या शिक्षणाची संस्था मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून वाढत गेली, डोअर स्टेप स्कूल १९८८ पासून बांधकामावरच्या आणि वस्तीतल्या मुलांपर्यंत शाळा नेतेय, सेंट ज्यूड कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेल्या मुलांची आणि आईबापांची मोफत राहायची सोय करते. यातलं काही मनाला भिडलं तर बिनधास्त द्या.

पण तुम्ही कराडच्या आहात म्हणून एक विचारते. दिवाळीनंतर तुमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, मराठवाड्यातून, आणि त्यांच्यासोबत पोरं. आई-बाप पहाटेपासून फडात आणि सात वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळत बसलेली, हे तुम्ही रस्त्याने जाता-येता बघितलं असेलच. वर्षाच्या मध्ये आलं तरी त्यांना शाळेत घ्यावंच लागतं, शिक्षण हक्क कायदाच आहे तसा, पण फडापासून शाळेपर्यंत त्यांना नेऊन सोडणार कोण? जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना जाऊन भेटा, या मुलांसाठी कोण काम करतं ते त्यांना पक्कं माहीत असतं. तिकडे गावाकडे आजी-आजोबांजवळ मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तेही विचारा. वसतिगृहात वाढलेल्या बाईने हे काम धरावं असं मला मनापासून वाटतं, शेवटी निवड तुमची.

कुठलीही संस्था असो, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर आणि मागच्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट मागायचा, आधी फोन करून एकदा भेट द्यायची, तीन महिने देऊन बघायचं. पावती पक्की घ्या. ८०जी, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये मिळणारी सूट, वगैरेच्या मागे मात्र लागू नका, तुमच्या एवढ्या कमाईवर टॅक्सच बसत नाही आणि नव्या टॅक्स पद्धतीत तर देणगीची ही सूट मिळतही नाही.

राहिली नणंद. पाकिटावर आत्ता काहीही छापू नका. "खरेदीतला काही भाग मुलांसाठी" असं लिहिलं की गिऱ्हाईक त्या भरवशावर दहा रुपये जास्त देतं, आणि एखाद्या महिन्यात तुम्हाला नाही जमलं तर ते फसवणं होतं. वर्षभर नेमाने दिलेत, संस्थेची परवानगी घेतलीत, तर संस्थेचं नाव आणि वर्षाची रक्कम लिहून दुकानात एक कागद लावा. मुलांचा फोटो नको.

शाळेतल्या बाईंना भेटायला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत जा, टोळ्या गावी परत गेल्या की त्या मुलांचा पत्ता पुढच्या हंगामापर्यंत लागत नाही.