हॉट आणि कोल्ड झोन कळतात, मग मधला वॉर्म झोन कशासाठी?

तुमचा प्रश्न असा आहे: केमिकल सांडलं की सेफ्टीवाले तीन पट्टे आखतात. हॉट म्हणजे धोक्याची जागा, कोल्ड म्हणजे सुरक्षित जागा, एवढं समजतं. मग मधली वॉर्म झोनची जागा कशाला अडवायची, आणि अंतर ठरतं कसं? तुम्ही ठेकेदाराकडे सुपरवायझर आहात म्हणता, म्हणून सविस्तर लिहितो. या मधल्या पट्ट्यात बहुतेक वेळा तुमचीच माणसं उभी असतात.

मी कोकणपट्टीतल्या एमआयडीसीत १६ वर्षं सेफ्टीत आहे. सुरुवातीला ज्या कारखान्यात होतो, तिथे एका संध्याकाळी ॲनिलिन या द्रव रसायनाच्या पंपाची ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) गेली आणि दोनेक ड्रम माल डाईकमध्ये, म्हणजे गळती अडवायच्या कठड्यात, सांडला. सडक्या मासळीसारखा वास सुटला होता. पीव्हीसी सूट, गमबूट, हातमोजे, मास्क असा सगळा जामानिमा करून दोघं आत गेले, वाळू टाकून माल उचलला आणि तासाभरात बाहेर आले. त्या दोघांना काहीही झालं नाही.

झालं ते तिसऱ्याला. विशीतला हेल्पर, अंगात साधा सुती शर्ट. तो हॉट झोनभोवती बांधलेल्या पट्टीच्या बाहेर होता, आत त्याने पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. दोघं बाहेर आल्यावर त्याने त्यांचे सूट ओढून काढले, गोळा करून छातीशी धरले आणि पिंपात नेऊन टाकले. हात नळाखाली धुतले आणि कॅन्टीनला गेला. दोन-अडीच तासांनी डोकं ठणकतंय म्हणाला. जवळ जाऊन पाहिलं तर ओठ निळसर, नखं जांभळी. ऑक्सिमीटर ८५ दाखवत होतं. ऑक्सिजन लावला तरी आकडा हलेना.

ॲनिलिन कातडीतून रक्तात उतरतं आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घालवतं. लक्षणं काही तासांनी दिसतात, आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ८५च्या आसपासच अडकून राहतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी काढलेलं रक्त चॉकलेटी रंगाचं दिसलं आणि त्यांना लगेच उलगडा झाला. मोठ्या दवाखान्यात मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन मिळालं, पोरगा वाचला. त्याची आई रात्रभर व्हरांड्यात बसून होती. “तो तर बाहेरच होता ना साहेब?” हे तिने मला तीनदा विचारलं.

तो बाहेर होता, पण धोका माणसांच्या अंगावर बसून त्याच्यापर्यंत आला. वॉर्म झोन असतो तो एवढ्यासाठी. आतून आलेला माणूस धुतला जाईपर्यंत हॉट झोनचाच भाग धरायचा, आणि त्याला हात लावणाऱ्यानेही सूट, हातमोजे घालायचे. आतल्यापेक्षा एक पायरी हलके चालतात, पण सुती शर्टावर कोणीही नको. १९८५ साली अमेरिकेत ओशा आणि नायोश या कामगार-सुरक्षेच्या संस्था, पर्यावरण खातं ईपीए आणि तिथलं तटरक्षक दल या चौघांनी मिळून घातक कचऱ्याच्या जागांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातही हे तीन पट्टे आहेत आणि मधल्याचं नावच मुळी संसर्ग कमी करायची जागा असं आहे.

आता तो पट्टा प्रत्यक्षात कसा लावायचा. हॉट झोनच्या रेषेवरच एक ट्रे ठेवा. नट-बोल्टचे पाने, फावडी, टॉर्च तिथेच टाकायचे, पुढे आणायचे नाहीत. मग साबणाच्या पाण्याचं टब, त्यात उभं राहून बूट आणि हातमोजे ब्रशने घासायचे. मग साध्या पाण्याचं टब. मग सूट वरून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा. मास्क त्यानंतर, आणि आतले पातळ हातमोजे सगळ्यात शेवटी. पुढे शॉवर आणि कोरडे कपडे. टबातलं पाणी ईटीपीला (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाला) जाईल, पावसाच्या गटारात नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या जिवावर येते ती म्हणजे बूट फेकणं: चामड्याच्या सेफ्टी शूजमध्ये ॲनिलिन मुरलं की ते धुऊन निघत नाही, शूज नवे असले तरी टाकावेच लागतात. त्याचे पैसे मजुराच्या पगारातून कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो बूट लपवून घरी नेईल.

बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क) घालून काम असेल तर हवेचा हिशोबही याच पट्ट्यापाशी चुकतो. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की १८०० लिटर हवा. हवा संपत आल्याची शिट्टी ५० बारच्या आसपास वाजते, म्हणजे त्याआधी वापरायला १५००. कष्टाच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरले तर ३७ मिनिटं. त्यातच आत चालत जायचं, परत यायचं आणि टबात उभं राहून धुऊन घ्यायचं, तेही तोंडावर मास्क असताना. म्हणून मी माणसाला २० मिनिटांनी बाहेर बोलावतो. शिट्टी वाजल्यावर निघालेला माणूस धुण्याच्या रांगेत घाबरून मास्क ओढतो, हे मी पाहिलेलं आहे.

अंतराचं म्हणाल तर पहिली रेषा कागदावरून येते: टँकरचं ट्रेम कार्ड (ड्रायव्हरजवळचं आपत्कालीन सूचनांचं कार्ड), मालाची सेफ्टी डेटा शीट (धोक्यांची माहितीपत्रिका). उत्तर अमेरिकेतली आपत्कालीन मार्गदर्शिका ॲनिलिनसारख्या द्रवासाठी सुरुवातीला चहूबाजूंनी किमान ५० मीटर सांगते, आणि माल कोणता तेच माहीत नसेल तर १००. नंतर मीटर हातात घेऊन ती रेषा पुढे-मागे करायची. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली गेला किंवा ज्वलनशील वायू एलईएलच्या (पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांवर गेला की ती जागा हॉट झोनमध्ये घ्या. फक्त हे ध्यानात ठेवा की कमरेला लावायचं चार गॅसचं मीटर ॲनिलिन दाखवत नाही. त्याला पीआयडी (रसायनांची वाफ ओळखणारं वेगळं मीटर) लागतो. मीटर गप्प आहे म्हणून हवा स्वच्छ, असं धरून चालू नका.

आणि वारा. किनाऱ्याकडे दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून समुद्राकडे फिरतो. दुपारी चारला वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावलेलं टेबल, ॲम्ब्युलन्स, पाण्याचे कॅन, हे सगळं रात्री वारा फिरला की बरोबर खालच्या अंगाला आलेलं असतं. विंड सॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे) दर अर्ध्या तासाने बघायला एक माणूस नेमा.

पट्टीपेक्षा महत्त्वाचा पट्टीवरचा माणूस. वहीत नाव, आत गेल्याची वेळ, सिलिंडरचं प्रेशर लिहिणारा एकच दरवाजा, एकच माणूस, आणि प्लांट हेड फोन कानाला लावून आत निघाले तरी “साहेब, थांबा” म्हणायचा त्याला अधिकार. हा अधिकार आधीच सगळ्यांसमोर, प्लांट हेडच्याच तोंडून जाहीर करून घ्या. ऐन वेळी हेल्परची जीभ उचलत नाही.

तुमच्या माणसांना हे भाषणाने पटणार नाही. पुढच्या मॉक ड्रिलला आत जाणाऱ्यांच्या सूटवर आणि हातमोज्यांवर मूठभर गुलाल फासा, त्यांना नेहमीसारखे कपडे काढू द्या, आणि मग सगळ्यांना उजेडात उभं करा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा गुलाल मास्कच्या पट्ट्याखाली मानेवर सापडला, सूट ओढणाऱ्याच्या कोपरावर सापडला, पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर आणि दरवाजावरच्या वहीच्या पेनावरही सापडला.