ट्रेनिंगचं कोटेशन मागवण्याआधी

बेटा,

तुझा मेल वाचला. हिंगणा आणि बुटीबोरी, दोन्ही प्लांटची खरेदी आणि स्टोअर एक होणार, एप्रिलपासून नवीन सॉफ्टवेअर, आणि साहेबांनी तुला फर्मावलं, "सगळ्या एचओडींसाठी चेंज मॅनेजमेंटचं एखादं चांगलं ट्रेनिंग बघ." तू पाठवलेली तिन्ही ब्रोशर चाळली. तिन्हींत सलग दोन दिवस, हॉटेलचं जेवण आणि शेवटी सर्टिफिकेट. त्यांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही, तूर्तास बाजूला ठेव.

आधी या विभागप्रमुखांना, म्हणजे तुमच्या एचओडींना, एकेकटं गाठ. केबिनमध्ये नको, लाईनवर किंवा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. एकच विचार: "दोन्ही प्लांट एक झाले की तुमच्या हातातलं काय जाणार?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. हिंगण्याच्या स्टोअर इनचार्जच्या खिशात एक मळकी वही असते, तू पाहिली असशील. कोणता बेअरिंग कोणत्या रॅकवर, कोणता सप्लायर रात्री अकराला फोन उचलतो, सगळं तिच्यात. लाईन बंद पडली की सगळे त्यांच्याकडे धावतात, ते या वहीमुळे. सॉफ्टवेअर आलं की वहीचं काम संपलं, आणि तिच्यामुळे मिळणारा मानही गेला. मीटिंगमध्ये ते हे कधीच बोलणार नाहीत. "सिस्टीम फार स्लो आहे" म्हणतील, आणि आयटीवाला बिचारा सर्व्हर तपासत बसेल.

हार्वर्डचे रोनाल्ड हायफेट्झ दोन तऱ्हेच्या अडचणी वेगळ्या काढतात. काही तज्ज्ञ बोलावून सुटतात. काहींत माणसांना आपल्या सवयी आणि आपली जागा सोडावी लागते, तिथे तज्ज्ञाचं व्याख्यान पुरत नाही. तुमची अडचण दुसऱ्या तऱ्हेची आहे आणि ब्रोशरं पहिलीवरची औषधं विकताहेत.

रेग रेव्हान्स यांच्याबद्दल जरूर वाच. मूळचे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतले पदार्थवैज्ञानिक, 1940च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा उद्योगात व्यवस्थापकांच्या शिक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी खाणीच्या मॅनेजरांना प्राध्यापकांपुढे बसवलं नाही. छोटे गट केले, एकमेकांच्या खाणी बघायला लावल्या आणि स्वतःची खरी अडचण गटापुढे मांडायला लावली. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे. यालाच पुढे ॲक्शन लर्निंग म्हणू लागले. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात, उमरेड-सावनेरच्या खाणी हाकेच्या अंतरावर, आणि तरी इथल्या ट्रेनिंगवाल्यांच्या तोंडी हे नाव क्वचित ऐकू येतं, याचं मला नवल वाटतं.

तुझ्याकडे हे सहज जमेल. हिंगण्याचा एक आणि बुटीबोरीचा एक, अशा जोड्या लाव. वर्ग सलग दोन दिवस नको. एक दिवस घ्या, मग महिना-दीड महिना जोड्यांना एकमेकांच्या प्लांटमध्ये जाऊ दे, मग दुसरा दिवस. वर्गात अभ्यासाला परदेशी विमान कंपनीची केस कशाला? तुमचाच अडलेला निर्णय ठेवा: तातडीच्या खरेदीवर सही कोणाची? यावर दोन्ही प्लांटची तोंडं दोन दिशांना आहेत, हे तूच लिहिलंयस.

शिकवायला कोण, तर मिहानमधल्या आयआयएमला विचारून बघ. 2015 मध्ये व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या आवारात सुरू झालं, 2022 पासून स्वतःच्या कॅम्पसमध्ये आहे. वर्धा रोडने तुला वाटेतच पडतं. छापील प्रोग्राम मागू नकोस, तुमच्या कंपनीसाठी बेतून देतील का ते विचार. दुसरं कोणीही चालेल, पण अट एकच: शिकवणाऱ्याने आधी प्लांटमध्ये यायचं आणि शिफ्ट बदलताना तिथे उभं राहायचं. जो "त्याची गरज नाही" म्हणेल, त्याचं कोटेशनही मागवू नकोस.

आता अवघड भाग, साहेब. दीपप्रज्वलन, दोन शब्द, आणि "तुमचं चालू द्या" म्हणून ते निघाले, की खोलीतला प्रत्येकजण काय समजायचं ते समजतो. उलट पूर्ण वेळ समोर बसले तर कोणी तोंड उघडणार नाही. मी असतो तर सकाळी त्यांना बोलावलं नसतं. जेवणानंतर बोलावून टीमचे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले असते, आणि सहीचा निकाल तिथेच मागितला असता. हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घे. नाही म्हणाले तर प्रोग्राम पुढे ढकल, पैसे वाचतील.

फीडबॅक फॉर्मवर फार विसंबू नकोस, त्यात जेवणाचंच कौतुक जास्त असतं. जून-जुलैत स्टोअरमध्ये जाऊन बघ, तातडीच्या खरेदीचा कागद किती टेबलं फिरतो.

सोमवारी साहेबांकडे जाशील तेव्हा ब्रोशर नेऊ नकोस, एचओडींची उत्तरं ने. नावं काढून टाक. आणि त्या वहीचा उल्लेखही गाळ, नाहीतर कोणाचं उत्तर आहे ते त्यांना लगेच कळेल.