न दुखणारी पोटरी

ताई,
मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि महाविद्यालयाच्या चार गुणिले शंभर मीटर रिले संघात तिसऱ्या टप्प्याला धावते. चार महिन्यांपूर्वी बाबांचे डायलिसिस सुरू झाले. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस दुपारी मी त्यांना रुग्णालयात नेते आणि संध्याकाळी घरी आणते. आईची नोकरी हा आमचा एकमेव आधार आहे आणि धाकटा भाऊ अजून शाळेत आहे. बाबा म्हणतात, मी एकटा जाईन. पण उपचारानंतर त्यांना चक्कर येते, त्यामुळे ते मला पटत नाही. सरावाची वेळ नेमकी हीच आहे. पोटरीचा स्नायू दुखावला आहे असे सरांना सांगून (मैदानावर थोडे लंगडावेही लागते) मी आतापर्यंत निभावून नेले, पण आता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे. सर चिडतात, संघातल्या मुली तुटक बोलतात. घर निवडले तर संघाचा विश्वासघात होतो आणि संघ निवडला तर मुलगी म्हणून मी कमी पडते. मी संघ सोडू का?
तुमची एक वाचक

प्रिय मुली,

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझी नजर कंसातल्या त्या चार शब्दांवर अडकली: मैदानावर थोडे लंगडावेही लागते. घर की संघ, हा तुझा प्रश्न मोठा आहे हे मला मान्य आहे, पण त्याचे उत्तर मी आज देणार नाही, कारण तो प्रश्न तुझ्यापुढे अजून आलेलाच नाही. तुला कोणी निवड करायला लावलेली नाही. निवड करण्यासारखे काही आहे हेच सरांना ठाऊक नाही, कारण चार महिन्यांपासून त्यांना फक्त एक पोटरी ठाऊक आहे, आणि ती पोटरी धडधाकट आहे.

या खोट्याला तू निरुपद्रवी समजते आहेस, हे त्या कंसावरूनच कळते. म्हणून आधी हे पाहू, की वेगाने धावणाऱ्या मुलीची पोटरी दुखावली असे ऐकल्यावर कोणताही जबाबदार प्रशिक्षक काय करतो. तो तिला पूर्ण वेगात धावू देत नाही, कारण अर्धवट बरा झालेला स्नायू पुन्हा फाटला तर तिचा सगळा हंगाम संपतो. तो तिचा सराव कमी करतो, तिच्यासाठी वेगळे हलके व्यायाम आखतो आणि तिची जागा घेऊ शकेल अशी राखीव धावपटू तयार ठेवतो. दर आठवड्याला तो स्वतःला विचारतो, की ही मुलगी स्पर्धेपर्यंत बरी होईल का. तुझे सर हे सगळे चार महिने करत असतील, तर ते आता चिडतात यात मला काही नवल वाटत नाही. इतका काळ उपचार आणि विश्रांती होऊनही जी पोटरी सुधारत नाही आणि बिघडतही नाही, तिने कोणताही अनुभवी माणूस चक्रावून जाईल.

आता तुझ्या टप्प्याकडे ये. रिलेत बॅटन, म्हणजे एकीने दुसरीच्या हाती द्यायची ती छोटी दांडी, घेणारी धावपटू मागे पाहत नाही, हे मी तुला सांगायला नको. ट्रॅकवर चिकटपट्टीची खूण असते, ती पावलांनी मोजून लावलेली असते, आणि मागून येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की पुढची सुटते आणि हात मागे करून, न पाहता धावते. लंडन ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली जमैकाच्या पुरुष संघाने हीच शर्यत ३६.८४ सेकंदांत संपवली, म्हणजे दर टप्प्याला सरासरी ९.२१ सेकंद, आणि त्याच संघात शेवटचा टप्पा धावलेल्या उसेन बोल्टचा एकट्याचा शंभर मीटरचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे. चार माणसे मिळून जगातल्या सर्वांत वेगवान माणसापेक्षा वेगवान ठरतात, कारण पहिला सोडून बाकीचे तिघे बॅटन हातात येण्याच्या आधीच धावू लागलेले असतात. मागचा ठरलेल्या वेगानेच येणार, या भरवशावर ते सुटतात. तो भरवसा चुकला तर काय होते तेही सर्वांनी पाहिले आहे. बीजिंगमध्ये २००८ साली अमेरिकेच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांची बॅटन प्राथमिक फेरीतच पडली, आणि दोन्ही वेळा ती तिसऱ्या आणि चौथ्या धावपटूच्या मध्ये पडली. ती तुझी जागा आहे.

तुझ्या संघातली चौथी मुलगी तिची खूण कोणत्या वेगावर मोजते आहे? तू मैदानावर येतेस त्या दिवशी लंगडतेस, म्हणजे जपून धावतेस, म्हणजे ती तुझ्या खोट्या वेगावर आपली पावले मोजते. सावकाश येणारीसाठी ती खूण जवळ लावते. स्पर्धेच्या दिवशी तू सगळे विसरून पूर्ण वेगात आलीस, तर ज्या तीस मीटरच्या बदल क्षेत्रातच बॅटन द्यावी लागते, तिथे ती वेग घेण्याच्या आतच तू तिच्या पाठीवर जाऊन आदळशील. आणि चार महिन्यांच्या हलक्या सरावाने तुझा वेग खरोखरच उतरला असेल, तर तोही तुला आज माहीत नाही, कारण इतक्या दिवसांत तू एकदाही मनापासून धावलेली नाहीस. तुझ्या खोट्याने तुझ्या संघाचे मोजमाप बिघडवले आहे. त्या मुली तुझ्याशी तुटक बोलतात याचे दुःख तू लिहिलेस, पण त्यांच्या जागी उभे राहून एकही ओळ लिहिली नाहीस. मला त्यांचा राग आला नाही. काहीतरी जुळत नाही हे त्यांना जाणवते आहे आणि ते बरोबर आहे.

आणि राखीव मुलीचे काय? तिचा उल्लेख तुझ्या पत्रात कुठेही नाही, पण ती असणारच, कारण राखीव धावपटूवाचून कोणी रिले संघ बांधत नाही. चार महिने ती तुझ्या जागी वळणावर धावते आहे, उजव्या हातात बॅटन घेऊन चौथीच्या डाव्या हातात द्यायला शिकते आहे, आणि रोज तिच्या मनात असेल, की ही बरी झाली तर मी बाहेर आणि नाही झाली तर मी आत. तिला तू कशावर टांगून ठेवले आहेस याचा विचार कर.

मी कठोर बोलते आहे, कारण तुला सुटका करून घ्यायची आहे आणि सुटकेसाठी तू संघ सोडण्याचा मार्ग शोधते आहेस. संघ सोडलास तर खोटे उघडे न पडता पुरले जाईल, एवढाच त्या मार्गाचा फायदा आहे. पोटरीमुळे सोडला, असे सगळे म्हणतील, सर तुझ्या पाठीवर हात ठेवतील, आणि ती सहानुभूती तू घेऊ शकणार नाहीस.

ज्या गोष्टीला तू चार महिने लपवते आहेस, ती पोटरीपेक्षा कितीतरी सोपी अडचण आहे. डायलिसिसचे वेळापत्रक असते. आठवड्यातले तीन ठरलेले दिवस, दर वेळी साधारण चार तास, त्याच्या मागेपुढे जाण्यायेण्याचा वेळ आणि बाबांची चक्कर ओसरेपर्यंतचा वेळ. पुढच्या सहा आठवड्यांत तू कोणत्या दिवशी मैदानावर नसशील, हे आज कागदावर लिहून देता येते. दुखावलेल्या पोटरीबाबत असे काही लिहून देता येते का? ती कधी बरी होईल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून तिच्याभोवती काही आखताही येत नाही. तीन दिवस नसणारी पण उरलेल्या दिवशी पूर्ण वेगाने धावणारी मुलगी, हा प्रशिक्षकापुढचा साधा हिशेबाचा प्रश्न आहे. पूर्ण वेगातले बॅटन बदल एका दिवसात मोजकेच करता येतात, कारण पाय थकले की वेग उतरतो आणि त्या सरावाला अर्थ राहत नाही. ते तुझ्या मोकळ्या दिवशी ठेवता येतील. ताकदीचे व्यायाम आणि वळणावरचे एकटीचे धावणे सकाळी करता येईल. हे सगळे मी बाहेरून बसून सांगते आहे, सरांना यापेक्षा कितीतरी अधिक सुचेल. पण ज्याला प्रश्नच चुकीचा सांगितला आहे, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा कशी करतेस?

इथपर्यंत लिहून मी थांबले आणि स्वतःला विचारले, की या मुलीने पोटरीच का निवडली. बाबांना डायलिसिसला न्यावे लागते, हे वाक्य काही लाजिरवाणे नाही. उलट ते ऐकून बहुतेक माणसे मऊ होतात. मला वाटते, त्याचीच तुला भीती आहे. मैदानावर दुखऱ्या स्नायूला मान असतो; तो धावणाऱ्यांच्या जगातला असतो आणि त्याबद्दल बोलताना कोणाचा स्वर बदलत नाही. वडिलांचा आजार सांगितला की स्वर बदलतो, लोक जरा थांबून बोलू लागतात, आणि मग ज्या एका जागी तू अजून फक्त तिसऱ्या टप्प्याची धावपटू आहेस, तिथेही तू आजारी माणसाची मुलगी होतेस. ती एक जागा तुला वाचवायची होती. हे मला समजते, आणि तुला जवळ घ्यावेसे वाटते. चार महिन्यांत तू हे मैदानावर कोणालाही सांगितलेले नाहीस, आणि पहिल्यांदा सांगितलेस ते एका अनोळखी बाईला, तेही पत्रातून. पण त्या जागेचे काय झाले ते पाहा. तिथे आता तू धावपटूही उरलेली नाहीस, तिथे एक लंगडणारी मुलगी आहे. घरी बाबांना खरे दुखते आहे आणि ते सांगायला नको म्हणून तू स्वतःच्या पायाला खोटे दुखणे लावून घेतले आहेस.

अमेरिकेची धावपटू विल्मा रुडॉल्फ हिचे नाव तू ऐकले असशील. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय अधू झाला, घरातली माणसे पाळीपाळीने तो चोळत असत, आणि त्याच पायाने ती १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. एवढी गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या गोष्टीतला दुसरा भाग आज महत्त्वाचा वाटतो. तिची मुलगी १९५८ साली जन्मली आणि त्याच वर्षी ती टेनेसी स्टेट विद्यापीठात शिकायला आणि धावायला गेली. बाळ तिच्या घरच्यांनी सांभाळले. तिचे प्रशिक्षक एड टेंपल यांना हे माहीत होते. माहीत असूनही त्यांनी तिला संघात घेतले. रोममधल्या रिलेत धावलेल्या चौघीही त्याच विद्यापीठाच्या होत्या, आणि शेवटच्या बदलाच्या वेळी, तिसरीकडून विल्माकडे येताना, बॅटन जवळजवळ सुटलीच होती. ती त्यांनी सावरली आणि शर्यत जिंकली. तुझे सर टेंपल यांच्यासारखेच वागतील असे वचन मी तुला देत नाही. पण टेंपल यांच्यापुढे विल्माचे खरे आयुष्य होते आणि त्यावर त्यांनी निर्णय घेतला. तू तुझ्या सरांना ती संधी एकदाही दिलेली नाहीस.

तेव्हा संघ सोडण्याचा विचार बाजूला ठेव आणि उद्या एकच गोष्ट कर. सराव सुरू होण्याच्या अर्धा तास आधी मैदानावर जा आणि सरांना एकटे गाठ. फोनवरून नको, संदेश पाठवून तर मुळीच नको. उद्या डायलिसिसचा दिवस असेल तर परवा जा, पण त्यापुढे एकही दिवस ढकलू नकोस. त्यांना सांग: सर, माझी पोटरी कधीच दुखावली नव्हती. माझ्या वडिलांचे डायलिसिस सुरू आहे, या तीन दिवशी मी त्यांच्याबरोबर असते, आणि हे सांगायचा मला धीर झाला नाही. मग पुढच्या सहा आठवड्यांच्या तारखा आणि वेळा लिहिलेला कागद त्यांच्या हातात दे आणि गप्प राहा. आजाराचे वर्णन करत बसू नकोस, आणि रडू आले तर येऊ दे, पण त्याच्या आड लपू नकोस. पहिले वाक्य पोटरीचे असले पाहिजे, वडिलांचे नाही. नाहीतर त्यांच्या आजाराची ढाल करून तू खोट्याची कबुली मागल्या दाराने देशील, आणि तुझ्या बाबांचा असा वापर तू करावास हे मला चालणार नाही.

सर रागावतील. रागावू दे. कदाचित ते म्हणतील, की या स्पर्धेत तिसऱ्या टप्प्याला राखीव मुलगीच धावेल. तसे म्हणाले तर हुज्जत घालू नकोस, कारण चार महिने पूर्ण वेगात ती धावली आहे आणि तू धावलेली नाहीस. तू राखीव म्हणून जा, तिच्या बॅटन बदलाच्या सरावात तिला मदत कर, आणि पुढच्या हंगामासाठी तुझी जागा पायांनी परत मिळव. त्याच दिवशी, सराव सुरू होण्याआधी, बाकीच्या मुलींनाही हेच सांग, विशेषतः त्या राखीव मुलीला, आणि तिची माफी माग. माफीनंतर 'पण' हा शब्द येऊ देऊ नकोस.

बाबांनाही सांग. तू मैदानावर काय करत होतीस हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये. एकटा जाईन, असे ते म्हणतात तेव्हा ते तुझ्या सरावाचीच काळजी करत असतात. पोटरीची गोष्ट ऐकून त्यांना वाईट वाटेल, पण आपल्यामुळे लेक लंगडत होती हे आपल्याला का नाही कळले, असे वाटून घेण्याची वेळ त्यांच्यावर आणू नकोस.

आणि उद्या फाटकातून आत शिरशील तेव्हापासूनच सरळ चाल. सर लांबून पाहत असतील, तर पाहू देत.

तुझी,
ताई