ज्येष्ठांच्या छळाबद्दल लोकांमध्ये जागृती कशी करायची?

तुम्ही विचारलंय की आमच्या भागात ज्येष्ठांच्या छळाबद्दल जागृती करायचीये, कार्यक्रम ठेवला तर उपयोग होईल का. ठेवा जरूर, १५ जून हा दिवस त्यासाठीच आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ठरवलेला. पण ज्या घरात हे चाललंय तिथल्या म्हाताऱ्या माणसाला कार्यक्रमाला कोणी आणणारच नाहीये, म्हणून मी तरी आधी त्यांना रोज बघणाऱ्यांना गाठेन, म्हणजे शेजारी, कामवाली, औषधाच्या दुकानातला माणूस, बँकेतला कॅशियर.

हे मी अनुभवावरून सांगतेय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींच्या चष्म्याची काडी तुटलेली, कित्येक महिने दोरा बांधून वापरत होत्या आणि आम्ही सगळे बघत होतो. आजी बऱ्या आहात ना विचारलं की आधी मुलाकडे बघायच्या आणि मग "हो गं, छान आहे सगळं" म्हणायच्या. पेन्शन तोच काढायचा, पासबुक त्यांच्या हातात नव्हतंच. आम्हाला हे दिसत होतं पण याला छळ म्हणतात हेच डोक्यात आलं नाही, छळ म्हणजे मारहाण एवढंच माहीत होतं ना.

म्हणून लोकांना पहिलं हे सांगा की टाकून बोलणं, कोणाला भेटू न देणं, सह्या घेऊन पैसे काढणं, औषधं, कवळी, चष्मा याकडे मुद्दाम दुर्लक्ष करणं, हा सगळा छळच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या दर ६ जणांपैकी साधारण १ जणाला वर्षभरात यातलं काहीतरी सोसावं लागतं. आणि ते बोलत नाहीत कारण आपलेच दात आपलेच ओठ, शिवाय तक्रार केली तर उद्या बघणार कोण ही भीती असतेच.

अजून एक, संशय आला म्हणून सगळ्यांसमोर मुलाला जाब विचारू नका, तुम्ही घरी जाल पण त्यांना रात्री तिथंच राहायचंय. एकट्याने सेवा करून थकलेली माणसंही कधीकधी हात उचलतात, ते माफ नाहीच, पण अशा घराला आलटूनपालटून मदत मिळाली तर पुढचं टळू शकतं हेही लोकांना सांगा.

आणि म्हाताऱ्या माणसाशी एकट्याने बोला. आजी आमच्याशी पहिल्यांदा मोकळं बोलल्या ते जिन्यात, मुलगा गाडी काढायला पुढे गेला होता, जेमतेम पाच मिनिटं मिळाली आम्हाला.