व्हायरल लोड वाढला म्हणून लगेच दुसरी लाइन नको

ताई, एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या तुमच्या भावाचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) इतकी वर्षं टीएनडी, म्हणजे ‘विषाणू सापडला नाही’ असा यायचा, तो एकदम 1,800 आला, म्हणून घाबरलात ते समजलं. पण ‘टीएलडी (त्याची सध्याची तीन औषधांची एकत्र गोळी) बंद करून दुसरी लाइन (पहिली औषधं चालेनाशी झाली की द्यायचा पुढचा संच) मागू का’ यापेक्षा मला तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. पाय मोडल्यापासून तो कॅल्शियम घेतोय, वर ऍसिडिटीचं पातळ औषधही, आणि सगळं रात्री झोपताना एकदमच.

टीएलडीतलं डोल्युटेग्रॅविर पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटतं आणि रक्तात नीट उतरतच नाही. म्हणजे गोळी रोज घेऊनही डोस कमी पडतो. एआरटीची (एचआयव्हीच्या उपचाराची) गोळी, म्हणजे ही टीएलडी, या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी पोटभर जेवणासोबत असेल तर टीएलडीही त्याच वेळी घेतलेली चालते. ऍसिडिटीच्या पातळ औषधाला (त्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असतं) मात्र ही सवलत नाही, तिथे अंतर हवंच. हाडाच्या डॉक्टरांना एआरटीचं सांगितलं नव्हतं ना? बहुतेक घरांत तसंच होतं. उद्याच सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून एआरटी सेंटरवर न्या. टीएलडीतल्याच टेनोफोविरचा हाडांवर आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा फ्रॅक्चरचंही सांगा आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायला सांगा.

लोड 1,000 च्या वर गेला की आधी समुपदेशन होतं, गोळ्या मोजल्या जातात आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. हा वेळकाढूपणा नाही. डोल्युटेग्रॅविरला दाद न देणारा विषाणू सहजासहजी तयार होत नाही, त्यामुळे चूक सापडली तर याच गोळीवर लोड पुन्हा दबण्याची चांगली शक्यता असते. तोवर कंडोम वापरायला सांगा.

मी स्वतः एचआयव्हीच्या औषधांसाठी 2006 पासून पुण्याच्या ससून रुग्णालयात जातोय. स्टॅव्हुडिन या जुन्या औषधानं गाल बसले, तळपायांना मुंग्या यायच्या, तेव्हा औषध बदललं. एफाविरेन्झवर कित्येक वर्षं भयंकर स्वप्नं पडली. मग टीएलडी आली. प्रत्येक बदल डॉक्टरांनी कारण बघून केला. एकदाच, मुंग्यांना कंटाळून, मी आपल्या मनानं पंधरा दिवस गोळ्या सोडल्या होत्या. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. भावाला तेवढं करू देऊ नका. त्याला हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडी अचानक थांबवल्यावर यकृतही बिघडू शकतं.

पुढचा रिपोर्ट आला की इथे कळवा.