रनीमीडला जा, पण एकट्या पायलटचं नाव घेऊन नको

शेजारच्या इंग्लिश आजींचा भाऊ, दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचा २१ वर्षांचा पायलट, १९४३ मध्ये नॉर्थ सीवर गेला तो गेलाच, कबर नाही, आजींना आता प्रवास झेपत नाही, तर त्यांच्या वतीने फूल कुठे वाहू असं विचारलंय ना, तर उत्तर आहे रनीमीडचं विमानदल स्मारक. लंडनहून ट्रेनने एगम, तिथून कूपर्स हिलवर. ज्यांचा मृतदेह मिळालाच नाही अशा २०,००० हून जास्त विमानदलवाल्यांची नावं तिथे आहेत, १९५३ मध्ये राणीने उद्घाटन केलेलं. ब्रिटनची भारतीय वंशाची गुप्तहेर नूर इनायत खानचं नावही तिथेच आहे.

जायच्या आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकून पॅनल नंबर काढून ठेवा, नाहीतर वेडे व्हाल. नावं वर्षाप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे लावलीत, अरुंद खिडक्यांच्या कडेच्या दगडात कोरलेली, आणि १९४३ ची यादी संपता संपत नाही. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर होता, एका खिडकीत कोणीतरी लॅमिनेट केलेला फोटो टेकवून ठेवलेला, आत पाणी शिरून चेहरा गेला होता, टोपी तेवढी दिसत होती. म्हणून फोटो ठेवणार असाल तर ओरिजिनल अजिबात नेऊ नका.

आता माझा खरा आग्रह. लँकेस्टरमध्ये सात जण असायचे, बाकी सहा कोण होते ते शोधा. बऱ्याचदा समुद्राने एखाद्यालाच परत दिलेलं असतं. जर्मनीतली धरणं फोडायच्या डॅमबस्टर मोहिमेतला कॅनडाचा पायलट व्हर्नन बायर्स घ्या, मे १९४३ मध्ये त्याचं विमान डच किनाऱ्याजवळ पडलं, सातांपैकी फक्त मागचा गनर मॅकडॉवेल सापडला, तो हॉलंडमधल्या हार्लिंगेनला पुरलाय आणि बायर्स धरून बाकीचे सहा रनीमीडच्या भिंतीवर. त्याच रात्री त्याच किनाऱ्यावर पडलेल्या 'डिंगी' यंगच्या क्रूचे मात्र सगळे मृतदेह किनाऱ्याला लागले, ते बर्गेनच्या दफनभूमीत आहेत. (यंगला हे टोपणनाव पडलं कारण आधी दोनदा विमान समुद्रात उतरवून तो रबरी होडीतून वाचला होता. तिसऱ्यांदा नाही.) म्हणजे आजींच्या भावाच्या क्रूपैकी कोणाची कबर हॉलंड-डेन्मार्कच्या एखाद्या खेड्यात असूही शकते, आणि तिथली माणसं त्या कबरी फार मनापासून सांभाळतात.

सातांची नावं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधल्या स्क्वाड्रनच्या नोंदवहीत मिळतील, एअर २७ मालिका. फार अपेक्षा ठेवू नका हां, टेकऑफची वेळ, टार्गेट, आणि पुढे 'परत आलं नाही'. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश विमानदलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, ५५,५७३ गेले, त्यामुळे क्लार्कला तरी एकेकासाठी किती लिहिणं जमणार.

वेळ असला तर लंडनमधल्या हेंडनच्या विमानदल म्युझियममधलं 'एस फॉर शुगर' लँकेस्टर बघून या, आपले शैलेंद्र एकनाथ सुखठणकर त्यात नेव्हिगेटर होते, ते वाचले. आत किती अडचण होती ते बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि निघायच्या आधी आजींना एवढं विचारून घ्या की घरात त्याला काय हाक मारायचे. दगडावर नुसतं आडनाव आणि इनिशियल्स आहेत, फुलासोबतच्या चिठ्ठीवर ते घरचं नाव लिहा.