भावाला वहिनीच्या खुनात जन्मठेप झाली आहे. हायकोर्टात अपील केलं तर तो सुटेल का?

निकालपत्र न वाचता "सुटेल" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला वकीलपत्र देऊ नका. मी फौजदारी अपिलं चालवतो. तुम्ही लिहिलंय, "आता हायकोर्टात भाऊ सगळं खरं सांगेल." तशी सोय अपिलात नसते हो. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, नवा पुरावा अगदी अपवादानं घेतात. सेशन्स कोर्टात जे कागदावर आलं त्याचंच पेपरबुक (खटल्याच्या कागदांचा संच) होतं आणि दोन न्यायमूर्ती तेच वाचतात.

त्या कागदांतून आधी भावाचा ३१३चा जबाब काढा. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३खाली न्यायाधीशांनी आरोपीला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं. नव्या कायद्यात ते कलम ३५१, पण कोर्टात अजून सगळे तीनशे तेराच म्हणतात.) न्यायाधीश एकेक पुरावा सांगून "यावर काय म्हणायचंय?" विचारतात आणि आरोपी ओळीनं "खोटं आहे, माहीत नाही" म्हणत सुटतो. घरात, चार भिंतींआड झालेल्या मृत्यूत हे महागात पडतं. रात्री दोघंच घरात होते, तर काय घडलं ते नवऱ्यानं सांगावं, अशी कोर्टाची अपेक्षा असते. नांदेडकडच्या किरकण खटल्यात पत्नीला साप चावल्याचं सांगितलं होतं आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. असा खोटा खुलासा पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी ठरतो, असं सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये म्हटलं. पण भाऊ त्या वेळी घरात होता, हे आधी सरकारी पक्षानं सिद्ध करायला हवं. तेव्हा शेजाऱ्यांची उलटतपासणी आणि डॉक्टरांनी दिलेली मृत्यूची वेळ बारकाईनं वाचा.

हाच जबाब आरोपीच्या बाजूनंही जातो. पुण्याच्या सारडा खटल्यात पत्नीच्या विषबाधेवरून नवऱ्याला फाशी झाली, मुंबई हायकोर्टानं ती कायम केली आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची (प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना लागू होणारी) पाच तत्त्वं त्याच निकालातली, ती सगळेच सांगतात. पण ३१३मध्ये आरोपीला जी गोष्ट विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही त्यातच आहे. पेपरबुक हाती आलं की निकालातला एकेक मुद्दा मी त्या प्रश्नांशी ताडून बघतो. काही ना काही निसटलेलं सापडतंच असं नाही, पण सापडलं तर वजनदार असतं.

भांडणाच्या भरात, कसलीही तयारी नसताना घडलं असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, धरावा असा पर्यायी युक्तिवाद करता येतो. त्यात सुटका नाही, शिक्षा मात्र उतरू शकते.

अपिलाची मुदत निकालापासून ६० दिवस, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा. एक प्रत भावाला मोफत मिळालेली असणार, ती मागवा. तुम्ही सांगलीचे, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून तुमचं काम मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचकडे. अपिलाबरोबरच शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या, कारण अपील ऐकायला लागेपर्यंत वर्षं जातात. जन्मठेपेत हा जामीन सहजी मिळत नाही, सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. आणि वहिनीच्या माहेरी कुणालाही "समजवायला" पाठवू नका. खुनात तडजोड चालत नाही, उलट तेच जामिनाच्या आड येतं.

खासगी वकील परवडत नसेल तर भाऊ तुरुंगातूनच मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडे अर्ज करू शकतो. कोठडीत असणाऱ्याला उत्पन्नाची अट नाही.